जोडापलीकडचं रक्त: आतड्याच्या ऑपरेशननंतरचा छुपा रक्तस्राव कसा शोधावा

माझ्या ऑपरेशनच्या कागदावर एक ओळ होती. लहान आतड्याचा शेवटचा सुमारे ७० सेंटिमीटर भाग आणि सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) काढलं, उरलेलं लहान आतडं मोठ्या आतड्याला बाजूला बाजू लावून स्टेपलरने जोडलं. पीळ पडून आतडं काळं पडलं होतं, रात्रीच पोट उघडावं लागलं. जखम भरली, वजन परत आलं, फाइल कपाटात गेली आणि ती ओळ पुढची पावणेपाच वर्षं कुणी नीट वाचली नाही. मीही नाही.

ऑपरेशनला साडेतीन वर्षं झाली तेव्हा जिना चढताना मध्येच थांबावं लागू लागलं. हिमोग्लोबिन ८.१ निघालं. पाळी जाऊन मला तीन वर्षं झाली होती, मूळव्याध नव्हती, शौचात कधी रक्त दिसलं नव्हतं. ऑपरेशनचा विषय निघाला की उत्तर एकच यायचं: "ते जुनं आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही." संबंध होता. त्याच जोडावर एक व्रण होता आणि त्यातून रोज थोडं थोडं रक्त जात होतं. तो सापडायला चौदा महिने लागले.

मी डॉक्टर नाही. हिशेब तपासणं हे माझं काम आहे. हे लिहिते आहे ते अशासाठी, की आतड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने डॉक्टरांपुढे बसताना काय घेऊन जावं, काय विचारावं आणि हातात आलेल्या रिपोर्टचा अर्थ कसा लावावा, हे मला त्या चौदा महिन्यांत कुणी एका जागी सांगितलं नाही.

आधी तातडीचं. शौच डांबरासारखं काळं, चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं झालं, लाल रक्त पडलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर धावू लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर पुढचं काहीही न वाचता थेट हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते हिरवट काळं आणि बहुधा बांधलेलं असतं. डांबरासारखं पसरत नाही. शंका असेल तर गोळीवर ढकलू नका, दाखवा.

ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि पेशंट अजून वॉर्डातच असेल, तर नाडीकडे लक्ष ठेवा. पहिल्या काही दिवसांत जोडाच्या स्टेपलच्या रेषेतून रक्त येऊ शकतं. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं, पण पोटात किती गेलं हे बाहेरून कळत नाही. रक्त जाऊ लागल्यावर हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही, कारण पाणी आणि पेशी एकाच प्रमाणात जातात. शरीराने बाहेरचं पाणी रक्तात ओढून घेतलं की मग आकडा पडतो, आणि त्याला काही तास लागतात. रक्तदाबही उशिरा पडतो. आधी नाडी वाढते आणि लघवी कमी होते. सकाळचं हिमोग्लोबिन बरं होतं म्हणून दुपारच्या वाढलेल्या नाडीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. नर्सला पुन्हा पुन्हा सांगायला संकोचू नका.

माझं दुखणं मात्र संथ होतं, आणि संथ रक्तस्राव जास्त फसवतो.

लोह येत नाही, की येऊन जातंय?

हा प्रश्न पहिला. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. आपलं शरीर दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह आत घेतं. म्हणजे रोज दोन चमचे, दहा मिलिलिटर रक्त आतड्यात सांडलं तर पाच मिलिग्रॅम लोह गेलं. शरीर शोषण थोडंफार वाढवतं, तरी ही तूट भरून निघत नाही. आणि दोन चमचे रक्त लहान आतड्यात सांडलं तर शौचात काहीच दिसत नाही. शौच काळं व्हायला एका वेळी पन्नास ते शंभर मिलिलिटर तरी रक्त लागतं. डोळ्याला दिसत नाही म्हणून रक्त जात नाही, असं समजू नका.

आता ऑपरेशनचा कागद उघडा. लोह शोषलं जातं ते जठराच्या लगेच पुढे, ड्युओडेनममध्ये आणि लहान आतड्याच्या वरच्या भागात. माझं कापलं गेलं होतं ते अगदी खालचं टोक. लोह आत येण्याची जागा जशीच्या तशी होती. तरीही लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६. आणखी एक पुरावा माझ्याच जुन्या रिपोर्टांत पडून होता: लोहाच्या गोळ्या घेतल्या की हिमोग्लोबिन ११ पर्यंत चढायचं, थांबवल्या की तीन महिन्यांत ८.४. गोळ्यांनी चढतं म्हणजे शोषण होतंय. थांबवताच उतरतं म्हणजे कुठेतरी गळतंय. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका कागदावर उतरवले आणि शेजारी गोळ्या कधी सुरू, कधी बंद हे लिहिलं, तेव्हा हे मला पाच मिनिटांत दिसलं. ते मी वर्षभर आधी करायला हवं होतं. तुम्ही आजच करा.

तुमचं ऑपरेशन जठराचं किंवा वजन घटवण्याच्या बायपासचं असेल तर गणित वेगळं. तिथे अन्न ड्युओडेनमला वळसा घालून जातं, त्यामुळे लोह शोषलंच जात नाही असंही होतं, आणि जठर-आतड्याच्या जोडावर व्रण होऊन रक्तही जातं. दोन्ही तपासावं लागतं. आणि ऑपरेशन कुठलंही असो, सिलिॲक रोगाची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची) रक्ततपासणी एकदा करून घ्यावी. त्यात लोह शोषणारा नेमका तोच भाग बिघडतो.

बी-१२ ने घातलेला पडदा

माझ्या बाबतीत सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून जरा थांबून सांगते. बी-१२ शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात. ते टोक ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त कापलं गेलं तर बी-१२ ची कमतरता येण्याचा संभव खूप वाढतो. यकृतात साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, त्यामुळे ती ऑपरेशननंतर लगेच कळत नाही. माझं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली, आणि "कारण सापडलं" म्हणून शोध थांबला.

लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, एमसीव्ही (पेशींच्या आकाराची सरासरी) ८० च्या खाली जातो. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १०० च्या वर जातो. दोन्ही एकदम कमी असलं तर? काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी अगदी नॉर्मल. माझा एमसीव्ही ८८ होता. रिपोर्टात त्यापुढे खूण नव्हती, म्हणून लोहाकडे कुणी नीट पाहिलं नाही. पण त्याच पानावर दोन ओळी खाली आरडीडब्ल्यू १९ होतं. पेशींच्या आकारात किती तफावत आहे हे तो आकडा सांगतो, आणि तो साधारण १५ च्या आत असायला हवा. सरासरी नॉर्मल आणि तफावत मोठी दिसली, तर दोन विरुद्ध गोष्टी एकमेकींना झाकत असतील का, हे विचारा.

म्हणून एकट्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह आहे), बी-१२, फोलेट आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी) एकाच वेळी करून घ्या. सीआरपी का? शरीरात कुठे सूज असली तर फेरिटिन खोटंच वर दिसतं. एरवी १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे साठा संपला. सूज असताना मात्र १०० पर्यंतच्या फेरिटिनवरही विश्वास ठेवता येत नाही, तिथे सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली आहे का ते पाहतात.

शौचाची तपासणी काय सांगते आणि काय नाही

माझी एफआयटी तपासणी निगेटिव्ह आली आणि "रक्त जात नाही" असा शेरा पडला. ही तपासणी माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन शोधते. रक्त लहान आतड्यात सांडलं तर खालपर्यंत येताना ते प्रथिन पचून जातं. मोठ्या आतड्यातला रक्तस्राव पकडायला एफआयटी चांगली. लहान आतड्यासाठी ती निगेटिव्ह आली तरी काहीच सिद्ध होत नाही. जुनी ग्वायॅक तपासणी वरचं रक्तही थोडंफार पकडते, पण लाल मांस खाल्लं असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि क व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी खोटी निगेटिव्ह. लोहाची खरी कमतरता सिद्ध झाली असेल तर शौचाच्या एका निगेटिव्ह रिपोर्टवर शोध थांबू देऊ नका.

दुर्बीण कुठपर्यंत गेली?

पुढची पायरी दोन दुर्बिणींची: एक तोंडातून जठर आणि ड्युओडेनमपर्यंत, दुसरी खालून मोठ्या आतड्यात. माझ्या दोन्ही झाल्या, दोन्ही नॉर्मल. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, "जोडापर्यंत तपासणी केली, जोड निरोगी." मला हे वाक्य पुरेसं वाटलं होतं. ते पुरेसं नव्हतं. जोडाला दोन बाजू असतात. दुर्बीण मोठ्या आतड्याकडून जोड पाहून परत आली. व्रण पलीकडे, लहान आतड्याच्या बाजूला होता, जोडापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर.

तेव्हा कोलोनोस्कोपी ठरली की आधीच ऑपरेशनचा कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि स्पष्ट विचारा: "जोड ओलांडून लहान आतड्यात जाणार का? किती आत?" बाजूला बाजू लावून केलेल्या जोडात एक आंधळा कोपरा राहतो, तोही पाहायला सांगा. रिपोर्टमध्ये जोडाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "आतड्याचा भाग काढला" एवढंच असतं. त्याने काही कळत नाही. पूर्ण ऑपरेशन नोट आणि काढलेल्या भागाचा बायॉप्सी रिपोर्ट रेकॉर्ड विभागातून मिळवा. किती लांबी काढली, कुठून कुठे, जोड कोणत्या प्रकारचा, लहान-मोठ्या आतड्यामधली झडप राहिली की गेली, या चार गोष्टी त्यात असतात.

व्यवहाराची एक गोष्ट: लोहाच्या गोळ्या कोलोनोस्कोपीच्या आधी पाच ते सात दिवस बंद कराव्या लागतात. या गोळ्यांनी शौच काळं होतं, आतड्याच्या भिंतीला लागून राहतं आणि खालचं काही दिसत नाही. हे कुणी आपणहून सांगितलं नाही तर विचारून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर तसं करणं जिवावर बेतू शकतं.

गिळायचा कॅमेरा

दोन्ही दुर्बिणी नीट होऊनही काही सापडलं नाही तर संशय लहान आतड्यावर येतो, आणि तिथे पहिली तपासणी कॅप्सूल एंडोस्कोपीची. साधारण २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड अशी ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची. ती आठ ते बारा तास सेकंदाला दोन किंवा जास्त फोटो काढत आतड्यातून पुढे सरकते. पन्नास हजारांच्या आसपास फोटो जमतात. मला काहीच जाणवलं नाही.

पण पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी एक धोका ओळखून असावं. जोड अरुंद झाला असेल किंवा चिकटलेल्या आतड्याला बाक आला असेल तर कॅप्सूल अडकू शकते. रक्तस्रावासाठी केलेल्या तपासण्यांत शंभरात एक-दोनदा असं होतं. क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार) असलेल्यांत किंवा आतडं अरुंद झालेल्यांत जास्त. जेवणानंतर पोटात कळा येणं, फुगणं, उलटी होणं असं काही होत असेल तर ते आधी सांगा. अशा वेळी आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात, किंवा आतड्याचा खास सीटी वा एमआर करतात. आणि कॅप्सूल शौचावाटे बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.

माझ्या कॅप्सूलच्या फोटोंत जोडाच्या जवळ ताज्या रक्ताचा एक पट्टा दिसला, व्रण दिसला नाही. कॅप्सूल मागे वळून पाहू शकत नाही, आंधळ्या कोपऱ्यात तर शिरतच नाही. पण कुठे पाहायचं ते कळलं. दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन नोट समोर ठेवून पुन्हा कोलोनोस्कोपी केली, जोड ओलांडला, आणि बारा मिलिमीटरचा व्रण पडद्यावर दिसला. मी अर्धवट गुंगीत होते, तरी डॉक्टरांचा "हा बघा" हा आवाज आठवतो.

जोड खूप वर असेल, खालून दुर्बीण पोचत नसेल, तर बलून एंटेरोस्कोपी असते. फुगे फुगवत-सोडवत आतडं दुर्बिणीवर गोळा करत आत जाण्याची ही पद्धत जपानमधल्या हिरोनोरी यामामोतो यांनी आणली. २००१ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. आधीच्या ऑपरेशनने आतडी चिकटलेली असतील तर ती अवघड जाते, म्हणून सराव असलेल्या हातीच करावी.

मला मध्येच सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सुचवली गेली होती. तिचं गणित पाहा. सीटी अँजिओग्राफीत रक्तस्राव दिसायला मिनिटाला किमान ०.३ ते ०.५ मिलिलिटर रक्त त्या क्षणी सांडत असावं लागतं. ०.३ धरलं तरी तो वेग दिवसाला ४३२ मिलिलिटर होतो. लाल पेशींचा न्यूक्लिअर स्कॅन त्याहून नाजूक, मिनिटाला ०.१, तोही दिवसाला १४४. दोन चमच्यांची गळती यांत कशी दिसणार? भडाभडा रक्त जात असताना याच तपासण्या जीव वाचवतात. छुप्या, संथ रक्तस्रावात त्या बहुधा नॉर्मलच येतात. म्हणून कुठलीही तपासणी सुचवली की विचारा: "माझ्या वेगाने रक्त जात असेल तर यात दिसेल का?"

सापडल्यावर

जोडावरचा व्रण ही एक शक्यता. क्रोन्ससाठी ऑपरेशन झालं असेल तर आजार बहुधा जोडाच्या वरच्या बाजूलाच परत डोकावतो. म्हणून त्रास नसला तरी सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी करायची असते. कॅन्सरसाठी झालं असेल तर जोडावर गाठ परत आली नाही ना, हे पाहावं लागतं. वयस्कर माणसांत, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाच्या महाधमनीच्या झडपेचा आजार असलेल्यांत, आतड्याच्या भिंतीत फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्या असतात. त्यांचा ऑपरेशनशी संबंध नसतोही. यकृताचा आजार असेल तर जोडाभोवती फुगलेल्या शिरा असू शकतात. यकृताचं दुखणं असल्याचं दुर्बिणीआधी सांगायलाच हवं. व्रणाचा तुकडा तपासायला पाठवतात तो क्रोन्स, क्षयरोग आणि कॅन्सर वगळण्यासाठी. माझ्यात यातलं काही निघालं नाही. निघालं ते माझ्याच औषधांच्या डब्यात: गुडघ्यासाठी आठवड्यातून चार-पाचदा डिक्लोफेनॅक.

डिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी लहान आतड्यात व्रण होतात आणि असलेले भरत नाहीत. त्यासोबत घेतलेली ॲसिडिटीची गोळी जठराला सांभाळते, लहान आतड्याला नाही. इंजेक्शन किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून घ्यायची गोळी) घेतली तरी औषध रक्तातून तिथे पोचतंच. मला दर वेळी "कुठली औषधं चालू आहेत" असं विचारलं गेलं, आणि मी दर वेळी फक्त रोजची सांगितली, अधूनमधूनची नाही. तुम्ही डबा उचलून सोबत न्या. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा.

लोह भरून काढायचं तर गोळी रोज दोन-तीनदा घेण्यापेक्षा दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड घेतलेली बरी. एक गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं. गोळीच्या आगेमागे चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी टाळा. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन दोनने वाढायला हवं. तेवढं वाढलं नाही, गोळ्या सोसल्या नाहीत किंवा गळती गोळ्यांपेक्षा वेगवान असली तर शिरेतून लोह. किती, याचं सूत्र आहे: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. मी ५८ किलोची, ८.१ वरून १५ गाठायचं: ५८ × ६.९ × २.४ + ५००, म्हणजे सुमारे १४६० मिलिग्रॅम. मला १००० आणि आठवड्याने ५०० दिलं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह दिलं असेल आणि नंतर स्नायूंत अशक्तपणा किंवा हाडं दुखणं सुरू झालं तर रक्तातलं फॉस्फेट तपासायला सांगा. या औषधाने ते उतरू शकतं. रक्त चढवायची वेळ स्थिर पेशंटमध्ये साधारण हिमोग्लोबिन ७ च्या खाली येते, हृदयरोग असेल तर ८ च्या आसपास. बी-१२ ची इंजेक्शनं मला जन्मभर लागणार. तो वेगळा हिशेब, तोही चालू ठेवायचा.

व्रणाचं म्हणाल तर डिक्लोफेनॅक बंद केल्यावर चार महिन्यांनी तो निम्मा झाला होता, पण काठाला दुर्बीण टेकताच रक्त आलं. तिथेच क्लिप लावली. फुगलेल्या रक्तवाहिन्या असत्या तर आर्गॉन वायूच्या प्रवाहाने त्या जाळल्या असत्या. क्रोन्स असता तर त्याचं औषध वाढवलं असतं. यानेही थांबलं नाही तर जुना जोड कापून नवा करता येतो. सर्जननी मला मोकळेपणाने सांगितलं की नव्या जोडावरही व्रण येऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी थोडं आतडं जातं. माझ्याकडचं ७० सेंटिमीटर आधीच गेलेलं आहे. मी थांबायचं ठरवलं, डोळे उघडे ठेवून.

आता दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि फेरिटिन. हिमोग्लोबिन १२.६ वर टिकून आहे, डिक्लोफेनॅक पूर्ण बंद आहे. पण मागच्या खेपेला १४० असलेलं फेरिटिन या खेपेला ६२ आलं. साठा आधी उतरतो, हिमोग्लोबिन मागून. म्हणून वाट न पाहता पुढच्या मंगळवारी पुन्हा दुर्बीण ठरवली आहे, आणि ऑपरेशनचा तो कागद पिशवीत सगळ्यांत वर ठेवला आहे.